आर्वीचा रेडियमवाला अन् नौदलानं न घेतलेलं विमान

आधीच सांगतो, गाडीवरचे नंबर, नावं कापून देणाऱ्या रेडियमच्या दुकानाबद्दल लिहितो, पण दुकानाचं नाव लिहून नाही राहिलो. मालकानंच नको म्हटलं, "नाव टाकू नका भाऊ, मंग सारे पोट्टे इमानं घेऊन येतीन अन् माह्या नंबर प्लेटी राहून जातीन." तर खूण एवढीच की आर्वीत बस स्टँडच्या जवळची गल्ली, समोर झेरॉक्सवाला, बाजूला कृषी केंद्र, अन् काचेवर 'जय गजानन'पासून 'बळीराजा'पर्यंत सगळे स्टिकर चिकटवून ठेवलेले. शोधणाऱ्याला सापडते.

मी प्लास्टिकची विमानं जोडतो. घरी त्याला खेळणे म्हणतात, चालते. त्यात मला नाद आहे व्हॉट-इफचा, म्हणजे किट खऱ्या विमानाचं घ्यायचं पण रंगवायचं ते जे कधी झालंच नाही, अमुक देशानं अमुक विमान घेतलं असतं तर ते कसं दिसलं असतं. अन् त्यातही समुद्रावर गस्त घालणारी, पाणबुड्या शोधणारी विमानं. आता वर्धा जिल्ह्यातल्या माणसाला समुद्राचं काय पडलंय असं सगळेच विचारतात, माझा मामेभाऊ तर म्हणे, "तुह्या इमानानं धनोडीच्या धरणावर गस्त घालाची का बे?" त्याला मी सांगतो की आपली वर्धा नदी पुढं वैनगंगेला भेटते, प्राणहिता होते, गोदावरीत जाते अन् बंगालच्या उपसागरात पडते, म्हणजे आपण समुद्राच्या वरच्या अंगाला राहतो एवढंच. पटत नाही त्याला, पण गप बसतो.

तर या वेळचं विमान होतं ब्रेगे अटलांटिक. रेवेल कंपनीचं १/७२ चं किट, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढं, नागपूरच्या एका ओळखीच्या माणसानं बाहेरून येताना आणलं. खऱ्या विमानाचे पंख ३६ मीटरच्या वर, म्हणजे मॉडेल पन्नास सेंटिमीटर रुंद, टीव्हीवर मावत नाही, गव्हाच्या कोठीवर ठेवलंय. पुढं काचेचं नाक, पोट इंग्रजी आठच्या आकड्यासारखं दोन फुगे एकावर एक, मागं शेपटीतून निघालेला लांब दांडा, ज्यात पाणबुडीच्या लोखंडानं पृथ्वीच्या चुंबकत्वात झालेला फरक पकडायचं यंत्र असते. पोटाखाली रडार, ते विमानात वर ओढून घेता येते. दोन रोल्स-रॉइस टाइन टर्बोप्रॉप, म्हणजे पंखा फिरवणारी इंजिनं. १९६१ मध्ये पहिल्यांदा उडालं, फ्रान्स, जर्मनी, नेदरलँड्स अन् इटली मिळून ८७ बनवली. दिसायला म्हशीसारखं शांत विमान आहे, मला ते फार आवडते. किटबद्दल जास्त लिहीत नाही, पंख पोटाला नीट बसले, काच स्वच्छ आहे, शेपूट टेकू नये म्हणून पायलटच्या मागं गळाची शिशाची गोळी टाकली, झालं.

माझी गोष्ट अशी की हे विमान आपल्या नौदलानं घेतलं असतं तर. उगाच नाही, व्हॉट-इफलाही हिशोब लागतो, नाहीतर मग बैलगाडीला पण जेट लावा. हिशोब असा की आपल्या विक्रांत या विमानवाहू जहाजावर जी पाणबुड्या शोधणारी अलिझे विमानं होती ती पण ब्रेगे कंपनीचीच, म्हणजे फ्रेंच माल नौदलाच्या हातचा होता. १९७१ च्या लढाईत ९ डिसेंबरला दीवजवळ आपली खुकरी ही युद्धनौका पाकिस्तानच्या हंगोर पाणबुडीनं बुडवली, १८ अधिकारी अन् १७६ खलाशी गेले, कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाजासोबत गेले. त्याच लढाईत एक अलिझे पण पाकिस्तानच्या एफ-१०४ लढाऊ विमानानं पाडलं. म्हणजे किनाऱ्यावरून उडून तासन् तास पाण्यावर राहील असं मोठं विमान पाहिजे होतं हे उघड होतं. प्रत्यक्षात काय झालं तर १९७६ मध्ये वायुसेनेकडली जुनी सुपर कॉन्स्टेलेशन नौदलाला मिळाली, जी त्याच्याही आधी एअर इंडियाची पॅसेंजर विमानं होती, म्हणजे तिसऱ्या हाताची. मग १९७७ मध्ये रशियाची आयएल-३८ गोव्याला आली अन् ती २०२३ पर्यंत चालली, नंतर १९८८ मध्ये टीयू-१४२, २०१३ पासून पी-८आय. माझ्या गोष्टीत ७२-७३ मध्येच फ्रान्सशी करार होतो. यापेक्षा उशीर चालत नाही कारण अटलांटिक बनवायची लाइन १९७४ मध्ये बंदच झाली. सहा विमानं, मुक्काम गोव्याला, स्क्वाड्रन ३१५. हा नंबर खरा तर आयएल-३८ वाल्यांचा, मी उचलला.

आता अडचण. न झालेल्या विमानाचे डिकल, म्हणजे मॉडेलवर लावायची पातळ छापील चित्रं, कोण छापणार? बाजारात जे मिळते ते झालेल्या विमानांचं. किटमध्ये आलेलं आपल्या काही कामाचं नाही. मला पाहिजे होते केशरी-पांढरे-हिरवे गोल, म्हणजे राउंडेल, सहा, शेपटीवरचा झेंडा, 'भारतीय नौसेना' देवनागरीत, अन् स्क्वाड्रनचा पंखवाला घोडा. घरच्या प्रिंटरवर छापता येत नाही कारण प्रिंटरला पांढरी शाई नसते, करड्या रंगावर पांढरं छापलं की करडंच दिसते. म्हणून मग रेडियमवाल्याकडं गेलो, एप्रिलच्या शेवटी, ही पहिली चूक, ते पुढं सांगतो.

पहिल्या भेटीत मी नुसतं सांगितलं, इतके इतके गोल पाहिजेत, तीन रंगाचे. त्यानं काही विचारलं नाही, अर्ध्या तासात करून दिले, काम एकदम साफ. घरी येऊन एका भंगार पंखावर लावून पाहिला अन् डोक्याला हात लावला. रेडियम म्हणजे नंबर प्लेटचा माल, उजेड पडला की चमकणारा. रात्री लाईन गेली अन् मोबाईलचा टॉर्च मारला तर पंख ट्रॅक्टरच्या ट्रॉलीसारखा चमकून राहिला. शिवाय जाडी. साधं विनाइल ८० मायक्रॉन जरी धरलं तरी ७२ नं गुणा, खऱ्या विमानावर पावणेसहा मिलिमीटर जाडीचा थर होते, अन् इथं तर तीन रंगाचे तीन थर एकावर एक, म्हणजे पंखावर कोणी भाकर थापून ठेवली असं दिसते. ही दुकानदाराची चूक नाही, त्यानं मागितलं ते दिलं. चूक माझी की मी स्टिकर मागितला. मागायचा होता साचा.

ज्यांना हा नाद आहे त्यांनी एवढं एक वाक्य लक्षात ठेवलं तरी पुरे, रेडियमच्या दुकानातून चिकटवायची वस्तू आणू नका, रंग मारायचा साचा आणा. कापलेला स्टिकर नाही, कापून उरलेलं भोक महत्त्वाचं. साचा लावायचा, वरून एअरब्रशनं, म्हणजे हवेनं रंग फवारायच्या बारीक पेननं, रंग मारायचा, साचा काढून फेकायचा. मग जाडी फक्त रंगाची राहते.

दुसऱ्या भेटीत हे त्याला समजावून सांगायला गेलो तर मी तोंड उघडायच्या आधीच तो म्हणे, "म्हंजे स्टेन्सिल पायजे तुमाले. मंग तसं सांगा नं. आमी डब्यावर, पंपावर नावं टाकतो थे स्टेन्सिलच असते." फवारणीच्या पंपावर गावाकडं सगळेच नाव टाकतात, नाहीतर शेजारी नेते अन् विसरते. अन् मग तो माणूस जो लागला कामाला, मी दोन तास स्टुलावर बसून पाहत राहिलो. त्यानं तीन प्रकारचा माल काढला, चमकणारं रेडियम तर बादच, दुसरं साधं विनाइल, अन् तिसरं ते ऑफिसच्या काचेवर लावतात ते धुरकट फ्रॉस्टेड. म्हणे हे घ्या, याच्या खालचं दिसते, तुमाले बरोबर जागेवर बसवता येईन. हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. पंखावर पॅनेलच्या बारीक रेघा असतात, साचा अपारदर्शक असला की अंदाजपंचे लावावा लागते, यातून रेघ दिसते अन् गोल रेघेला धरून बसते. खरं सांगू, परदेशातून मास्किंगची शीट मागवणारे लोक आहेत, मी पण मागवली होती एकदा, आता नाही मागवत.

मग आकार. मला राउंडेल पाहिजे होता २० मिलिमीटरचा, म्हणजे खरा जवळपास दीड मीटरचा. त्याचं मशीन, प्लॉटर म्हणतात त्याला, ते रोज गाडीच्या मागच्या काचेवर फूटभर अक्षरं कापते. पहिला गोल कापला तर तो अंड्यासारखा निघाला, अन् जिथं सुरू झाला तिथं संपला नाही, केसभर पुढं जाऊन थांबला. मी म्हटलं चालते. तो म्हणे, "नाही चालत." ब्लेड काढलं, नवीन टाकलं, स्पीड कमी केला, दाब कमी केला, सेटिंगमध्ये ब्लेडच्या टोकाचा काहीतरी फरक भरला, परत कापला, परत थोडा अंड्यासारखा, परत. चौथ्यांदा जो गोल निघाला तो मी घरी येऊन व्हर्नियरनं मोजला, उभा-आडवा फरक सापडला नाही. तेवढ्या वेळात तीन गिऱ्हाईकं 'येतो मंग' म्हणून निघून गेली. त्याचे पैसे त्यानं लावले नाहीत. हे मुद्दाम लिहून ठेवतो.

गोल तीन एकात एक कापले. रंगवायची रीत अशी, आधी मोठं भोक ठेवून पूर्ण गोल पांढरा मारायचा, वाळू द्यायचा, मग मधली कडी परत बसवायची जी पांढरी राहणार आहे, आतला गोल पण झाकायचा, बाहेरून केशरी मारायचा, मग आतलं उघडायचं, केशरी झाकायचं अन् हिरवा मारायचा. हिरवा आत, केशरी बाहेर, हे उलटं करणारे लोक मी पाहिले आहेत. मे महिन्यात आमच्याकडं ४४-४५ च्या खाली पारा नाही, एअरब्रशच्या टोकावरच रंग वाळते, विमानावर धूळ पडल्यासारखा पडते. कूलर लावला तर वुडवूलचे तंतू उडून ओल्या रंगात बसतात. म्हणून पहाटे पाचला उठून, कूलर बंद करून, आंगणात कॉम्प्रेसर लावून मारला. शेजारच्या काकूनं विचारलं की फवारणी एवढ्या लवकर काउन चालू केली.

एक घोळ झाला तो सांगतो. फ्रॉस्टेडचा गोंद काचेसाठीचा असते, तो प्लास्टिकला अन् खालच्या रंगाला फार धरते. पहिल्या साच्यासोबत खालचा पांढरा रंगच निघून आला, रुपयाएवढा टवका. दुकानातल्या हाताखालच्या पोट्ट्याला फोन केला तर तो म्हणे पेट्रोलनं पुसून घ्या, गोंद जाते. गाडीच्या पत्र्यावरचा गोंद जात असेल बाप्पा, पण किटचं प्लास्टिक म्हणजे पॉलिस्टायरिन, त्यावर पेट्रोल म्हणजे संपलं. मी आधी स्प्रूच्या, म्हणजे किटचे भाग ज्या प्लास्टिकच्या काडीला जोडलेले येतात तिच्या, तुकड्यावर लावून पाहिलं म्हणून वाचलो, तुकडा चिकट होऊन तडकला. कोणी सांगितलं तरी असं काही सरळ विमानावर करू नका. इलाज नंतर सापडला, साचा लावायच्या आधी दोन-तीन वेळा जीन्सच्या मांडीवर चिकटवून काढायचा, गोंद निम्मा मरते, मग लावायचा. मालकाला सांगितलं तर त्यानं मान हलवली अन् पुढच्या वेळी कापलेला माल स्वतःच आधी पँटवर थापटून दिला.

आता काचेचं. अटलांटिकच्या नाकाला अन् कॉकपिटला बारीक बारीक काचा, प्रत्येकीवर साचा पाहिजे, नाहीतर चौकटी रंगवताना हात हलतो. मी पारदर्शक टेप लावून पेन्सिलनं काचा गिरवल्या, त्याचा मोबाईलवर फोटो काढला अन् त्याला दिला, त्यानं कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकून रेघा मारल्या, कापल्या. सगळ्या काचा थोड्या थोड्या लहान निघाल्या. फोटो तिरपा होता. दुसऱ्या वेळी शेजारी स्टीलची पट्टी ठेवून वरून सरळ फोटो काढला, त्यानं पट्टीचे दहा सेंटिमीटर स्क्रीनवर बरोबर दहा सेंटिमीटर केले, मग जमलं. दोन काचा तरीही जमल्या नाहीत, त्या मी टेपनं केल्या, पण तेवढं चालते.

अक्षरांची गंमत तर और. 'भारतीय नौसेना' त्याच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलं की 'नौ' फुटते, मात्रा एकीकडं अन् काना एकीकडं, स्क्रीनवर बरोबर दिसते पण कापताना मशीन एकावर एक आलेल्या रेघा दोन्ही कापते, म्हणजे मात्रा जिथं शिरोरेघेला चिकटते तिथंच पातं फिरून तुकडा पडते. सगळी अक्षरं एकत्र जोडून एक आकार करावा लागते, त्याला तो 'वेल्ड मारणं' म्हणते. वेल्ड मारलं, पाच मिलिमीटर उंचीची अक्षरं कापली. त्यापेक्षा लहान सांगू नका, आतले बारीक तुकडे सुईनं काढताना सगळंच उचलून येते. 'भ' अन् 'य' मधल्या जागा काढायला त्यानं बायकोला आवाज दिला, घर दुकानाच्या मागंच आहे, अन् वहिनींनी साडीच्या पिननं पाच मिनिटात सगळं साफ करून दिलं, जे आम्हा दोघांना पंधरा मिनिटात जमलं नव्हतं. दुकानातलं सगळ्यात बारीक काम त्याच करतात हे मग कळलं.

आता तो किस्सा. काम चालू असताना मशीन कापत होतं तर मालक मोबाईल घेऊन बसला, विमानाचं नाव टाकून पाहत होता. एकदम थांबला. माझ्याकडं पाहिलं, मग फोनकडं. "भाऊ, हे तं पाकिस्तानचं इमान आहे. आपन पाडलं व्हतं थे. कच्छात."

खरं आहे. पाकिस्तानी नौदलाकडं फ्रान्सची वापरलेली तीन अटलांटिक होती, त्यातलं एक १० ऑगस्ट १९९९ ला कच्छच्या बाजूला आपल्या मिग-२१ नं पाडलं, कारगिल संपून महिना पण झाला नव्हता. त्यात १६ जण गेले. मी त्याला सांगितलं की हे तेच जातीचं विमान, पण माझ्या गोष्टीत ते आपण आधी घेतलंय. दुकानात एक काका बसले होते, ट्रॅक्टरवर 'आई-बाबांचा आशीर्वाद' टाकायला आलेले, रोहणा भागातले कास्तकार. त्यांना सगळं परत पहिल्यापासून सांगावं लागलं, खुकरी, फ्रान्स, करार. ते शांतपणे ऐकत राहिले, खर्रा तोंडात. मग म्हणाले, "म्हंजे त्याईनं सेकंडहँड घेतलं नं फ्रान्सकून? अन् तुमी नवं घेतलं त्याच्या आधी. मंग तुमी जुन्याचाही इसार देऊन ठेवाचा व्हता. इसार ज्याचा, गाडी त्याची. त्याईले भेटलंच नसतं."

मी गपच झालो. दोन महिने या गोष्टीवर डोकं लावून राहिलो, करार कधी, लाइन कधी बंद, सगळं जुळवलं, अन् हे मला सुचलं नाही. त्या दिवसापासून माझ्या नौदलाकडं सहा नवीन अन् तीन जुनी, एकूण नऊ अटलांटिक आहेत, अन् कच्छची घटना माझ्या गोष्टीत घडतच नाही, ती माणसंही घरी जातात. मालकाचं मन लागलं मग कामात. काका जाताना म्हणे, "बरं झालं मी थांबलो."

घोड्याचं राहिलं. ३१५ स्क्वाड्रनला विंग्ड स्टॅलियन्स म्हणतात, पंखवाले घोडे. मी कागदावर काढून नेलेला घोडा पाहून मालक म्हणे ही बकरी आहे. त्याच्याकडं तयार होते ते वास्तूचे सात घोडे, हॉलमध्ये पूर्वेला लावतात ते, त्यातला तिसरा घोडा त्यानं उचलला, मग एका जिमच्या बोर्डासाठी केलेल्या गरुडाचे पंख तोडले अन् घोड्याला लावले, पंख मोठे वाटले म्हणून साठ टक्के केले. झाला घोडा. खऱ्या चिन्हासारखा नाही, पण नौदल माझं आहे. एक सेंटिमीटरचा होता म्हणून त्याचा साचा नाही जमला, पाय तुटत होते, तो एकच चिकटवायचा स्टिकर केला, पातळ विनाइलमध्ये, अन् वरून दोन हात वार्निश मारून कडा दाबल्या. जवळून पाहिलं तर कळते. जवळून पाहू नका.

रंगाचं एवढंच सांगतो, वरून पांढरं, खालून करडं. काहींनी विचारलं पांढरं छत कशाला. विदर्भातल्या माणसाला हे विचारू नये, आम्ही दरवर्षी मार्चमध्ये स्लॅबवर चुना मारतो. गोव्याच्या धावपट्टीवर उन्हात उभ्या विमानात बारा माणसं अन् खोलीभर यंत्रं बसवायची तर छत पांढरंच पाहिजे.

आता दुकानाच्या वाईट गोष्टी, कारण आहेत. एक म्हणजे 'उद्या या'. मी लग्नसराईत गेलो हीच चूक, एप्रिल-मे मध्ये नवरदेवाच्या गाडीवरची नावं, स्वागताचे बोर्ड, त्यात माझे वीस मिलिमीटरचे गोल कोण पाहते. काचांचे साचे नऊ दिवसांनी मिळाले, चार चकरा झाल्या, आमच्या गावावरून आर्वी म्हणजे एसटीनं पाऊण तास अन् एसटी आली तर. फोन उचलत नाही. उचलला तर पोट्ट्याच्या हातात असते अन् पोट्टा पेट्रोल सांगते. दुसरं, भाव ठरलेला नाही. पहिल्यांदा राउंडेलचे ऐंशी घेतले, दुसऱ्यांदा तेवढ्याच कामाचे साठ, काचांचे दीडशे, घोडा फुकट, अक्षरांचे 'द्या काही बी'. मला परवडलं, पण ज्याला आधी आकडा पाहिजे त्याला त्रास होईल. तिसरं, फाइल. माझी सगळी डिझाइन त्यानं एकाच कॉम्प्युटरवर 'इमान फायनल' नावानं ठेवली, जूनमध्ये परत गेलो तर सापडेना, 'न्यू फोल्डर'च्या आत 'न्यू फोल्डर', शेवटी 'सरपंच बॅनर' नावाच्या फोल्डरमध्ये निघाली. पेन ड्राइव्ह घेऊन जा, स्वतःची कॉपी आणा. अन् लाईन गेली तर मशीन मध्येच थांबते, इन्व्हर्टरवर फक्त पंखा अन् कॉम्प्युटर आहे, कापणं अर्धवट राहिलं की ती शीट वाया, परत पहिल्यापासून.

जायचं असेल तर पावसाळ्यात जा, पेरण्या आटोपल्यावर, जुलैच्या शेवटी दुकान रिकामं असते. दुपारी जेवायच्या वेळी नको. मोजमाप मिलिमीटरमध्ये लिहून न्या, तोंडी सांगू नका. आकार साधा असेल तर कागद चालते, वाकडातिकडा असेल तर पट्टीसकट फोटो. फ्रॉस्टेड मागा. अन् बसून राहा, ठेवून येऊ नका, समोर माणूस बसला की काम होते, पाठ फिरली की नंबर प्लेट आधी. चहा तो पाजतेच, तुम्ही समोरून तर्री पोहे सांगितले तर कोणी नाही म्हणणार नाही.

पाच पैकी चार स्टार. एक 'उद्या या'चा कापला.

विमान पूर्ण झालं तेव्हा खोक्यात कापूस भरून, मांडीवर घेऊन, एसटीत बसून त्याला दाखवायला नेलं. त्यानं हात धुतले, मग हातात घेतलं. बराच वेळ राउंडेलच पाहत होता, बोट फिरवून पाहिलं की जाडी लागते का. वहिनींनी 'नौसेना' वाचलं अन् 'भ' पोटातून नीट निघाला का ते तपासलं. फोटो काढला. परवा परत गेलो होतो, आता पुढचं टीयू-१४२ घ्यायचं मनात आहे त्यासाठी, तर नाव टाकू नका म्हणणाऱ्या या माणसानं काचेवर नवीन ओळ कापून लावली आहे, 'दुचाकी, चारचाकी, ट्रॅक्टर, फवारणी पंप व विमान, नंबर टाकून मिळेल', अन् त्याच्या बाजूला तो घोडा, या वेळी फूटभर मोठा.